फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या हातात: सीमेपलीकडे कामाला जाणारा पॅलेस्टिनी मजूर आणि आपल्या पोरांसमोरचा प्रश्न

2024 च्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या हातून दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी, आता पुण्यात सेंट्रिंगचं काम करतो, त्याचा रात्री फोन आला. "सर, इस्रायलचा फॉर्म सुटलाय. पुण्यातच मुलाखती आहेत. महिन्याला सव्वा लाखाच्या वर पगार सांगतायत. भरू का?"

आम्ही पटकन हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पोरगा कष्टाळू आहे. घरी अब्बांचं वय झालेलं, दोन बहिणींच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर. मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या मजुराला स्लॅबखाली दिवसभर राबून जे मिळतं, ते आपल्याला ठाऊक आहे. अशा माणसाला सव्वा लाखाचा आकडा दाखवला, तर त्याला झोप कशी लागणार?

पण दुसऱ्याच वाक्यात तो म्हणाला, "मोहल्ल्यात लोक बोलतात, तिथं जाणं म्हणजे फलस्तीनी मजुराच्या जागेवर जाऊन बसणं. हे खरं आहे का सर?"

हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून सोडत नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर यावर खूप बोललं जातं, पण ते बहुतेक भावनेच्या भरात. ती जागा नेमकी कोणती, तिथला माणूस रोज कसा यायचा, त्याचं काम का गेलं, याची माहिती फार थोड्यांना असते. म्हणून हा लेख.

पहाटे तीनची रांग

एका देशात राहायचं आणि दुसऱ्या देशात रोज कामाला जायचं, हे जगात बऱ्याच ठिकाणी चालतं. पॅलेस्टिनी मजुराचं तसं होतं, फक्त त्याच्या बाबतीत सीमाच ठरलेली नाही. 1949 च्या युद्धबंदीची जी रेषा 'ग्रीन लाइन' म्हणून ओळखली जाते, तिच्या पूर्वेला वेस्ट बँक. 1967 च्या युद्धात इस्रायलने तो भाग आणि गाझा पट्टी ताब्यात घेतली. तेव्हापासून तिथले लोक इस्रायलमध्ये मजुरीला जाऊ लागले. शेतात, हॉटेलात, कारखान्यात, आणि सगळ्यात जास्त बांधकामावर. तेल अवीवच्या कितीतरी इमारतींच्या भिंती, फरशा आणि गिलावा या हातांनी केलेला आहे.

त्यांचा दिवस कसा असायचा, ते बघा. वेस्ट बँकमधल्या गावातला माणूस रात्री दोन-अडीचला उठतो. शेअर टॅक्सीने चेकपॉइंटवर येतो. हेब्रॉनकडचा असेल तर तर्कुमिया, कलकिलियाजवळचा असेल तर एयाल, बेथलेहेमचा असेल तर 'चेकपॉइंट 300'. तिथे लोखंडी जाळ्यांच्या बोळात हजारो माणसं उभी. फिरतं फाटक एकेकाला आत घेतं. कार्ड, बोटांचे ठसे, सामानाची तपासणी. फजरची नमाज कित्येक जण रांगेच्या कडेला, पुठ्ठा अंथरून पढतात. पलीकडे ठेकेदाराची गाडी उभी असते. ती चुकली तर त्या दिवसाची मजुरी गेली. सात वाजता काम सुरू, संध्याकाळी परत तोच रस्ता. बहुतेकांच्या पासवर इस्रायलमध्ये मुक्कामाची परवानगी नसते, त्यामुळे रोज जाणं आणि रोज येणं आलंच.

हा सगळा त्रास माणूस का सोसायचा? हिशेब सरळ आहे. पॅलेस्टिनी प्राधिकरणाने ठरवलेलं किमान वेतन महिन्याला 1,880 शेकेल. इस्रायलमधलं किमान वेतन 2023 मध्ये साडेपाच हजार शेकेलच्या वर होतं, म्हणजे जवळपास तिप्पट. गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकापेक्षा फाटक ओलांडून विटा रचणारा जास्त कमवायचा. शिक्षक म्हणून हे लिहिताना आम्हाला त्यात नवल वाटत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत शिकलेल्या भावापेक्षा आखातात गेलेल्या भावाने घर बांधलं, हे आपण पाहिलेलंच आहे.

2023 च्या ऑक्टोबरपूर्वी वेस्ट बँकमधून पासवर आणि पासाशिवाय मिळून दीड लाखाहून जास्त माणसं अशी जात होती. गाझातून अठरा हजारांच्या आसपास लोकांना पास दिलेले होते. एका माणसाच्या मजुरीवर पाच-सहा जणांचं घर धरलं, तर किती चुली या फाटकावर अवलंबून होत्या, ते लक्षात येईल.

पास आणि मुकादम

सुरुवातीला असं नव्हतं. 1970 च्या दशकात वेस्ट बँक आणि गाझाच्या लोकांना ये-जा करायला सर्वसाधारण परवानगी होती. 1991 मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, ती काढून घेतली आणि प्रत्येकाला वेगळा पास लागू केला. 1993 मध्ये सीमा बंद करण्याचं धोरण पक्कं झालं. 2002 पासून भिंत उभी राहू लागली. काही ठिकाणी कुंपण, तर शहरांजवळ आठ-आठ मीटर उंच काँक्रीट. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त भूमीतून जाणारी ही भिंत बेकायदा असल्याचं मत दिलं. भिंत मात्र उभीच राहिली.

पास कोणाला मिळायचा? सुरक्षा यंत्रणेने ज्याला 'साफ' म्हटलं त्याला. वय ठराविक हवं. लग्न झालेला, लेकराबाळांचा माणूस असेल तर बरं, कारण असा माणूस भानगडीत पडत नाही, हा हिशेब. एखाद्याचा भाऊ किंवा चुलतभाऊ पकडला गेला, की त्याचाही पास अडकू शकायचा. कारण सांगितलंच जाईल असं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अनेक वर्षं हा पास एका मालकाच्या नावाशी बांधलेला असायचा. मालक सोडला की पास गेला. साहजिकच मालकाशी भांडण नको. मजुरी कमी दिली, जास्त तास राबवलं, पडून हात मोडला, तरी माणूस गप्प. या गप्प बसण्यातूनच दलाल तयार झाले. कागदोपत्री एक मालक, प्रत्यक्षात काम दुसरीकडे, आणि मधल्या माणसाला पासाचे पैसे. महिन्याला दोन ते अडीच हजार शेकेल दलालाला देणारे हजारो मजूर होते. हे इस्रायलच्या मध्यवर्ती बँकेच्या आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अभ्यासांतही आलं आहे. 2020 च्या अखेरीस इस्रायलने नियम बदलून मजुराला मालक बदलायची मुभा देण्याचं ठरवलं, पण दलाली काही संपली नाही.

आपल्या बीड-उस्मानाबादकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो आणि मग त्या उचलीवर अख्खं कुटुंब बांधलं जातं. तिथे उचल आधी हातात येते, इथे पासाचे पैसे आधी द्यावे लागतात, एवढाच फरक.

आणखी एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं. पॅलेस्टिनी मजुराच्या पगारातून 1970 पासून वेगवेगळ्या कपाती होत आल्या आहेत. पण इस्रायलच्या राष्ट्रीय विम्याचं संरक्षण त्याला तीनच बाबतींत मिळतं: कामावरचा अपघात, बाळंतपण आणि मालकाचं दिवाळं. बेकारी भत्ता त्यात नाही. म्हणजे पंचवीस वर्षं त्या देशाच्या इमारती बांधल्या आणि उद्या फाटक बंद झालं, तर तो देश एक शेकेलही देणं लागत नाही.

ते 'उद्या' 2023 मध्ये आलं.

ज्या दिवशी फाटक बंद झालं

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे 1,200 माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते. अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेलं. निरपराध माणसाला मारणं आपल्या दीनमध्ये हराम आहे, मग मरणारा कोणीही असो. हे आम्ही आडपडदा न ठेवता लिहितो. त्यानंतर गाझावर जे कोसळलं, हजारो लहान मुलं ढिगाऱ्याखाली गेली, तेही साऱ्या जगाने पाहिलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. इथे आपण मजुरांपुरतं बोलू.

हल्ल्यानंतर इस्रायलने सगळे पास थांबवले. गाझाचे हजारो मजूर त्या वेळी इस्रायलमध्येच कामावर होते. त्यांचे पास रद्द झाले. अनेकांना पकडून कोठडीत ठेवलं, काही वेस्ट बँकमध्ये पळाले आणि तिथेच अडकले. 3 नोव्हेंबर 2023 ला काही हजार जणांना केरेम शालोमच्या नाक्यावरून गाझात परत सोडलं. चालत निघालेल्या त्या माणसांच्या पायाला नंबर लावलेली प्लास्टिकची पट्टी होती. बॉम्ब पडत असलेल्या घराकडे ते चालले होते, आणि त्यांचं घर उरलंय की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वेस्ट बँकचे लोक घरी बसले. मोजक्या हजारांना पुढे परवानगी मिळाली, आणि तीही मुख्यतः वसाहतींमधल्या कामासाठी. बाकीच्यांसाठी फाटक दोन वर्षं उलटूनही उघडलं नाही. वेस्ट बँकमधली बेकारी 2023 च्या मध्यापर्यंत 13 टक्क्यांच्या आसपास होती. वर्ष संपताना ती 32 टक्क्यांवर गेली. महिन्याला एक अब्ज शेकेलहून जास्त मजुरी यायची थांबली. ती थांबल्यावर किराणावाला, टॅक्सीवाला, शिंपी सगळेच बसले. त्यातच पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या हक्काचा कराचा पैसा इस्रायलने अडवला, त्यामुळे सरकारी नोकरांना अर्धा-पाऊण पगार. तिथल्या शिक्षकांना पूर्ण पगार मिळत नाही म्हणून शाळा आठवड्यातले काही दिवसच भरतात. हे वाचून आम्ही स्टाफरूममध्ये बराच वेळ गप्प होतो.

मग लोक काय करतात? दागिने विकतात. उधारीवर जगतात. आणि काही जण दोर टाकून भिंत चढतात. जेरुसलेमच्या उत्तरेला अर-राम भागात हे रोजचं झालंय. कोणी पडून पाय मोडतो, कोणाच्या पायात गोळी लागते, काही जिवानिशी गेले. हे लोक कुठे चालले होते? कामावर. तिथे त्यांना घेणारा ठेकेदारही होताच, कारण पलीकडे मजुरांची टंचाई होती.

रिकाम्या जागा कशा भरल्या

इथे दुसरी बाजूही नीट समजून घ्यावी लागेल. इस्रायली सरकारचं म्हणणं असं की, एवढ्या मोठ्या हल्ल्यानंतर हजारो माणसं रोज आत घेणं धोक्याचं आहे. ज्या समाजात हजारभर माणसं एका दिवसात मारली गेली, तिथे ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण इस्रायलच्याच सुरक्षा यंत्रणेतल्या अधिकाऱ्यांनी, तपासून निवडलेल्या मजुरांना टप्प्याटप्प्याने परत घ्यावं अशी शिफारस केल्याच्या बातम्या तिथल्या वृत्तपत्रांत आल्या. त्यांचा युक्तिवाद साधा होता. पोट भरलेला माणूस शांत राहतो, दीड लाख बेकार माणसं जास्त धोक्याची. सरकारने ते मानलं नाही. बिल्डर ओरडत राहिले. निम्म्यावर थांबलेल्या इमारतींवर काम करायला माणूसच नव्हता.

मग बाहेरून माणसं आणायचं ठरलं. हेही नवीन नाही. 1993 मध्ये सीमा बंद झाल्यावर इस्रायलने रुमानिया आणि थायलंडमधून मजूर आणले होते. तेच गणित पुन्हा मांडलं गेलं, आणि या वेळी त्यात भारताचं नाव मोठं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भारत आणि इस्रायल यांच्यात 42,000 भारतीय कामगारांबाबतची सहमती 2023 च्या मे महिन्यात, म्हणजे हल्ल्याच्या पाच महिने आधीच झाली होती. 34,000 बांधकामासाठी आणि 8,000 रुग्णसेवेसाठी. 'पॅलेस्टिनींना काढण्यासाठीच हा करार झाला' असं जे फिरवलं जातं, ते अर्धवट आहे. पण हल्ल्यानंतर त्याला जो वेग आला, तो रिकाम्या झालेल्या जागांमुळेच आला, हेही तितकंच खरं. 2024 च्या जानेवारीत हरियाणात रोहतकला आणि उत्तर प्रदेशात लखनौला रांगा लागल्या. सेंट्रिंग, सळई बांधणी, फरशी, गिलावा अशी चार कामं. एप्रिलमध्ये पहिली तुकडी निघाली. सप्टेंबरात महाराष्ट्राची पाळी आली आणि पुण्यात मुलाखती झाल्या. देशातल्या मोठ्या कामगार संघटनांनी नोव्हेंबर 2023 मध्येच याला विरोध नोंदवला होता. आपले मजूर युद्धात ढकलू नका आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका, असं त्यांचं म्हणणं.

एक योगायोग बघा. ज्या सप्टेंबरात पुण्यात पोरांची हातोडी-फावड्याची परीक्षा चालली होती, त्याच महिन्यात जगभरातल्या दहा आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांनी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे तक्रार दाखल केली. दोन लाखांहून जास्त पॅलेस्टिनी मजुरांची मजुरी बुडाली, केलेल्या कामाचे पैसेही अनेकांना मिळाले नाहीत, अशी ती तक्रार. मजुराच्या घामाविषयीची हदीस आपल्या मक्तबमधल्या पोरांना तोंडपाठ असते. तिच्यात मजुराचा धर्म विचारलेला नाही आणि मालकाचाही नाही.

सीमा सगळीकडेच असते

कोणी म्हणेल, परदेशात कामाला जायचं म्हटल्यावर हे होणारच. पण तसं नाही.

युरोपात लक्झेंबर्ग नावाचा चिमुकला देश आहे. तिथल्या नोकरदारांपैकी जवळपास निम्मे लोक रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात, म्हणजे दोन लाखांहून जास्त. सकाळी ट्रेन किंवा मोटारीने जातात, संध्याकाळी आपल्या देशात घरी. त्यांची नोकरी गेली, तर बेकारी भत्ता कोणत्या देशाने द्यायचा, म्हातारपणाची पेन्शन कोणाकडून, आजारपणाचं काय, हे सगळं युरोपीय संघाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. 2020 मध्ये कोविडमुळे सीमांवर पुन्हा पोलीस उभे राहिले, तेव्हाही या लोकांना कामाचा दाखला दाखवून जाता येत होतं.

आता मलेशिया आणि सिंगापूर. जोहोर बाहरू शहरातून सुमारे एक किलोमीटरचा पूल ओलांडून लाखो मलेशियन रोज सिंगापूरला कामाला जातात. त्यांत मलय मुस्लिम आहेत, चिनी आहेत, तमिळही आहेत. पहाटे चारला मोटारसायकलींची रांग लागते. सिंगापूरचा एक डॉलर म्हणजे मलेशियाचे तीनाहून जास्त रिंगिट, कारण तेच. 18 मार्च 2020 ला मलेशियाने कोविडमुळे सीमा बंद केली. दोन दिवस आधी रात्री घोषणा झाली, आणि हजारो माणसं कपड्यांची पिशवी घेऊन सिंगापुरात शिरली, कारण पलीकडे राहिलो तर नोकरी गेली. पहिल्या रात्री काही जण रेल्वे स्टेशनाजवळ झोपले. मग सिंगापूर सरकारने मालकांना त्यांच्या राहण्यासाठी पैसे दिले. तरीही कित्येक बापांनी दोन वर्षं आपली लेकरं फोनच्या पडद्यावरच पाहिली. पूल सर्वांसाठी पूर्ण खुला झाला 1 एप्रिल 2022 ला.

ही तीन उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवा. तिन्हीकडे माणूस तोच, पलीकडच्या चार जास्त पैशांसाठी पहाटे उठणारा. पण लक्झेंबर्गमध्ये त्याचा हक्क कायद्यात आहे. सिंगापुरात तो दोन सरकारांच्या बोलण्यावर आहे, पण बोलणं होतं. तर्कुमियाच्या फाटकावर मात्र कायदाही नाही आणि दोन बरोबरीचे पक्षही नाहीत. एकाच्या हातात किल्ली आहे आणि दुसरा रांगेत आहे. सीमा ओलांडून काम करणं वाईट नाही. ज्याच्या हातात किल्ली आहे, त्याच्यावर कसलीच जबाबदारी नसणं वाईट आहे.

आपल्यालाही याचा अनुभव आहेच. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा कोकणातल्या, मुंबईतल्या घराघरांत रडारड झाली होती. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी परत आले, कित्येक जण अंगावरच्या कपड्यांनिशी. बँकेतले पैसे गेले, पगार गेला. पण पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या पैशांतून त्या मजुरांना भरपाई मिळाली. उशिरा मिळाली, पण मिळाली. कुवेतहून परतलेल्या आपल्या माणसांना जे मिळालं, ते तर्कुमियाच्या रांगेतल्या माणसाला का नको?

मग आपल्या पोराने काय करावं?

आता परत त्या फोनकडे. आम्ही त्याला जे सांगितलं, तेच इथे मांडतो.

पहिली गोष्ट, मोहल्ल्यातले लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. तू ज्या पाटीवर उभा राहशील, तिच्यावर कालपर्यंत दुसरा माणूस उभा होता. तो काम सोडून गेला नाही, त्याच्यासाठी फाटक बंद केलंय. हे माहीत असून जायचं की नाही, हे तुझ्या जमीरला विचार.

दुसरी गोष्ट, तुझा जीवही बघ. 2024 च्या मार्चमध्ये लेबनॉनच्या सीमेजवळच्या शेतावर क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार मेला. 2025 च्या जूनमध्ये इराणशी युद्ध भडकलं, तेव्हा आपल्या सरकारला 'ऑपरेशन सिंधू'खाली लोकांना तिथून बाहेर काढावं लागलं. सव्वा लाखाच्या आकड्यात या धोक्याची किंमतही धरलेली आहे, हे विसरू नको.

तिसरी गोष्ट, पास तुझाही मालकाशी बांधलेला असेल. करार तुला कळेल अशा भाषेत मिळतोय का? मालक बदलता येतो का? पगारातून राहण्याचे, विम्याचे किती कापतात? काम आवडलं नाही किंवा युद्ध झालं, तर परतीचं तिकीट कोणाचं? पहिल्या फेरीत गेलेल्या काहींना ठरलेल्या कामाऐवजी दुसऱ्याच कामाला लावलं, अशा बातम्या आल्या होत्या. किल्ली दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, ते पॅलेस्टिनी मजुराला पन्नास वर्षांत कळलं. तुला पहिल्या महिन्यातच कळू शकतं.

आणि चौथी गोष्ट, कोणाविषयी द्वेष मनात ठेवून बोलू नको. तिथल्या दिमोना, अश्दोदसारख्या गावांत आपल्या रायगडमधून गेलेले बेने इस्रायली राहतात. त्यांच्या घरात अजून मराठी ऐकू येते. इस्रायलमध्येच 'काव लाओवेद' नावाची संस्था पॅलेस्टिनी आणि परदेशी मजुरांच्या बुडालेल्या पगारासाठी कोर्टात भांडते. प्रश्न यहुदी-मुसलमानाचा करून टाकला, की मजुराचा प्रश्न बाजूलाच राहतो.

सगळं ऐकून तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, मी नाही गेलो तर त्या माणसाला त्याची जागा परत मिळेल का?"

आम्ही खरं तेच सांगितलं. नाही मिळणार. तू नाही गेलास तर दुसरा जाईल. लखनौचा जाईल, नाहीतर दुसऱ्या एखाद्या देशाचा. हा हिशेब एकट्या मजुराच्या नकाराने बदलत नाही. तो सरकारांनी बदलायचा आहे. भारताने 1988 मध्येच पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली होती. अशा देशाने मजूर पाठवताना, आधीच्या मजुरांची बुडालेली मजुरी द्या आणि त्यांना परत येऊ द्या, एवढं तरी बोलायला हवं. हे विचारण्याचं काम आपल्या खासदारांचं आहे, आणि त्यांना आठवण करून देण्याचं काम आपलं.

पण एक प्रश्न आपल्या जमातीलाही आहे. कर्जात बुडालेल्या पोराला 'जाऊ नको' म्हणणं टपरीवर बसून सोपं असतं. जाऊ नको म्हणायचं असेल, तर त्याच्या हातात दुसरं काय देणार? आपल्या जकातीतून किती पोरांना हत्यारं घेऊन दिली, ठेकेदारीचा पहिला परवाना काढून दिला? बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायला किती मशिदींच्या बाहेर टेबल लागलं? महाराष्ट्रात या नोंदणीवर मुलांची शिष्यवृत्ती मिळते, अपघाताची मदत मिळते, आणि आपल्या कितीतरी मजुरांना नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो हेही माहीत नसतं. हे काम कोणताही देश अडवत नाही. त्याचं फाटक आपल्याच हातात आहे.

त्या पोराने तेव्हा फॉर्म भरला नाही. पुढच्या वेळी भरणार नाही, असं तो म्हणालेला नाही, आणि आम्हीही त्याच्याकडून तसं वचन घेतलं नाही. तो अजून पुण्यातच आहे. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा असतो. मध्यंतरी त्याच्या मंडळाच्या नोंदणीचे कागद आम्ही भरून दिले. ठेकेदाराची एक सही बाकी आहे. ठेकेदार म्हणतो, बघू.